रिकाम्या गावातला धूर

"गावात धूर दिसता! ओ गावकारांनू, गावात धूर!"

जांभळीवर फांद्या तोडायला चढलेला बाबली मेस्त्री वरूनच ओरडला आणि सड्यावरच्या झोपड्यांमधला सगळा कालवा थांबला. मी तांदळाची भाकरी थापत होते, ती परातीतच राहिली. कुणीतरी रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. फक्त माझ्या सासूबाईंचे हात चालू होते. त्या माडाच्या हिरव्या पातीचा गोफ विणत बसल्या होत्या. हातांना काम नसलं की त्या हेच करीत. पातीचे पट्टे फाडायचे, एकमेकांखालून घालायचे, शेवटी गाठ मारायची आणि टाकून द्यायचं. त्या डावऱ्या होत्या, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं उलटं चाललंय असं वाटे.

"धूर नसात. धुकां आसात," एक म्हातारा खालून म्हणाला.

"भर दुपारी धुकां? तां तुमच्या डोळ्यांत आसात," बाबलीची बायको पारू म्हणाली. "माज्या घोवाक अक्कल नाय, पण नजर घारीची आसा."

एरवी सगळे हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

न हसण्याचं कारण सांगायला हवं. आमच्या खाजणवेळ गावात दर चार वर्षांनी गावपळण होते. देवदिवाळी झाली, रवळनाथाने कौल दिला, की तीन दिवस सगळा गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, खाटेवरचे म्हातारे, सगळी. घरात चूल पेटायची नाही, विहिरीवर रहाट वाजायचा नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. माणसांनी व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडच्या सड्याच्या कातळमाळावर माडाच्या झापांच्या झोपड्या घालून राहायचं आणि पुन्हा कौल मिळाला की परतायचं. मी घाटावरची. लग्न होऊन नऊ महिने झालेले, नवरा मुंबईला गोदीत. सासूबाई कोंबड्या टोपलीत भरायला लागल्या तेव्हा मला वाटलं, गावात साथ आली. प्रत्यक्षात ती जत्राच होती. एरवी एकमेकांच्या खळ्यात पाऊल न टाकणारी माणसं सड्यावर एकमेकांच्या कालवणात पळी घालत होती.

पण नियम म्हणजे नियम. एकही माणूस गावात राहिलं तर पळण मोडली. मग सगळ्या गावाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आणि ज्याच्यामुळे मोडली ते घर गावाबाहेर. त्याच्या दारात कुणी चढायचं नाही, त्याच्या तिरडीला कुणी खांदा द्यायचा नाही.

सासूबाईंनी गोफाची गाठ मारली, तो टाकला आणि उठल्या. शेजारच्या झोपडीत वाकून बघितलं. परत आल्या तेव्हा ओठ मिटलेले होते.

"इंदू," त्या भाकरीच्या परातीवर वाकून पुटपुटल्या, "सत्यवती नाय आसा."

"व्हाळावर गेल्या असतील."

"गोधडी नाय, कळशी नाय, तांदळाची पिशवी नाय. पाणी आणूक तांदूळ घेऊन जातत तुमच्याकडे?"

सत्यवतीकाकी म्हणजे आमची शेजारीण. विधवा आणि घरात एकटी. गावात तिच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक दगडांचा गडगा होता, आणि आठ वर्षांचा अबोला. अबोला असा पक्का की तिच्या कोंबड्या आमच्या परड्यात आल्या तर सासूबाई कोंबड्यांना बोलत, तिला नाही. मला गावाने सांगितलेली हकिगत अशी: काकीच्या मुलाने, दिगूने, एका सकाळी आमचा गडगा पाडला. सासऱ्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावाने दिगूला देवळाच्या पाटांगणात सगळ्यांसमोर आडवं पडून माफी मागायला सांगितलं. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर. ते पडलं नाही. त्याच संध्याकाळी कुठल्याशा ट्रकात बसून घाट चढून गेलं, ते परत आलंच नाही. पळणीत झोपड्या घरांच्याच रांगेने घालतात, म्हणून सड्यावरही काकी आमच्या शेजारी होती. गडगा तेवढा गावात राहिला होता.

आबा गावकार आपल्या झोपडीतून बाहेर आले. उंच, वाकलेले, खांद्यावर पंचा. गावाचा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा. त्यांनी सड्याच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं. खाली नुसते माडांचे शेंडे दिसत होते, मधूनच कौलांचा तांबडा तुकडा. आणि दोन माडांच्या मधून एक निळसर रेघ सरळ वर चढत होती.

"खंयच्या घराचो?" त्यांनी विचारलं.

"भागीच्या नायतर सत्यवतीच्या," बाबली जांभळीवरून म्हणाला. "दोन्ही छपरां एकमेकांक लागलेली. हयसून कळणा नाय."

भागी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळ्या माना आमच्या दोन झोपड्यांकडे वळल्या.

"मगे कोणीतरी जावन बघूक होया," एक जण म्हणाला.

"जातलो कोण? जो वेशीच्या आत पाय घालतलो, तो पळण मोडतलो."

"म्हणजे पळण कोणी मोडली तां बघूक पळण मोडूची?" पारू म्हणाली. गावकारांनी तिच्याकडे पाहिलं, तशी ती पोराचं नाक पुसायला लागली.

"कोणी जावचा नाय," गावकार म्हणाले. "सांजच्या गाऱ्हाण्याआधी मी स्वता झोपडी-झोपडी फिरान माणसां बघतलय. जो नसात तेचा घर कळात." आणि मग, "सत्यवती खंय आसा?"

"झोपलीहा," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. आठ वर्षांत त्या बाईविषयी त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता, आणि तो खोटा होता.

"ह्या वेळाक?"

"ताप इलोहा तिका. रात्रभर कण्हत होती. माका झोप नाय तिच्या पायी." एवढं बोलून त्या सरळ गावकारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आणि माणसां मोजूची गरज नाय. धूर माज्या घरचो."

झोपड्यांमधून एक हुंकार फिरला.

"रोज रात्री इस्तव राखेत झाकून ठेवतंय, सकाळी पुन्ना फुंकूक. आमच्या सासवेन लावलेली सवय. पळणीच्या सकाळी हात आपसूक चलले. पाणी ओतूक इसारलंय. चुलीच्या वायलाकडे माडाची सुकी चुडतां ठेवलेली, ती धरली आसतली."

हे ऐकून बायकांनी तोंडावर हात नेले. ही चूक कुणाच्याही हातून झाली असती, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. निखारा राखेत झाकणं म्हणजे दार लावण्यासारखं. ते केल्याचं कुणाला आठवत नाही.

"चुडतां धरली तर छप्पर धरात," बाबली जांभळीवरून घाईघाईने उतरत म्हणाला. "वाडीच जळात गो!"

"म्हणानच सांगतंय. इंदूक धाडतंय इझवूक."

"सुनेक?" गावकारांच्या भुवया वर गेल्या. "ती कशी चलात?"

"तिची ओटी अजून देवीक भरूक नाय. ह्या जत्रेत भरतली. ओटी भरल्याबगर सून गावाची होता काय? तुमीच सांगा, आबानू. तोपर्यंत ती पावणी. पावण्याक पळण नाय."

नऊ महिने मी त्या गावाचं पाणी भरत होते, शेण काढत होते, उकड्या भाताची पेज पिऊन पोटाला समजावत होते. आणि मी गावची नव्हते, हे मला त्या दुपारी चारचौघांत कळलं. राग यायला हवा होता. पण दोन म्हाताऱ्यांनी मान हलवली, आणि रागापेक्षा भीतीच जास्त वाटली.

गावकारांनी पंचा खांद्यावरून काढून पुन्हा टाकला. मग म्हणाले, "जाऊंदे ती. पण भागी, इस्तवाचो गुन्हो तुका लागात. पाटांगणात आडवा पडूचा लागात, साऱ्या गावासमोर. आणि देवीची पयली ओटी तुमच्या घराची, ती जायत."

"जाऊंदे."

पहिली ओटी म्हणजे सासूबाईंच्या घराचा मान. सासरे वारल्यावर त्यांच्याकडे ताठ मानेने मिरवण्यासारखं तेवढं एकच उरलं होतं. तो मान त्यांनी असा सोडला, जसा टाकून दिलेला गोफ.

झोपडीत येऊन त्यांनी माझ्या हातात कळशी दिली. शेजारी, काकीच्या झोपडीत, घोंगडीखाली कुणीतरी पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखं दिसत होतं. पेंढा होता तो. हे त्यांनी कधी केलं, मला कळलंही नव्हतं.

"जाताना सरळ वाटेन जा, सगळो सडो बघूंदे. येताना तिका खाजणातल्या वाटेन आण. चिखल आसा, पण थय माणूस दिसणा नाय. आबा फिरूक लागाच्या आधी ती हय होयी."

"आणि नाहीच आल्या तर?"

"आण." मग म्हणाल्या, "माजा नाव घेव नको मात्र. माज्या नावान ती हलाची नाय."

व्हाळ ओलांडताना मला पाठीवर शंभर डोळे जाणवत होते. वेशीच्या दगडापाशी पाय अडखळला. मी पाहुणी होते ना, मग पाहुणीसारखा पदर सावरला आणि आत गेले.

रिकाम्या घरात जाणं वेगळं. रिकाम्या गावात जाणं त्याहून वेगळं. रोजच्या वाटेवर माझ्याच बांगड्यांचा आवाज मला मागून येतोय असं वाटत होतं. कुणाच्या तरी खळ्यात सुकवायला घातलेली सुपारी तशीच राहिली होती. एका ओट्यावर पोराची लाकडी गाडी उलटी पडली होती. कोंबडा नाही, खोकला नाही, कुणाची हाक नाही. देवावर माझा विश्वास तेव्हाही बेताचाच होता, पण त्या वाटेवर मी देवळाकडे एकदाही मान वळवली नाही. वळवली असती आणि पायरीवर कुणी बसलेलं दिसलं असतं तर?

आमच्या घराचं दार बंद होतं, चूल थंडगार असणार. गडग्यापलीकडे काकीच्या घराची दोन्ही दारं सताड उघडी होती. ओटा ताजा सारवलेला. आतून फोडणीचा वास येत होता. ओट्यावर दोन पाट मांडले होते आणि काकी त्यांच्यासमोर, वाटेकडे तोंड करून बसली होती. बारकी बाई, मोठं कुंकू लावण्याचे दिवस गेलेले, पण केस विंचरून अंबाडा घातलेला.

मला बघून ती अर्धी उठली. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"तू? एकटाच इलंस?"

"काकी, चला. धूर दिसला सगळ्यांना."

"दिसूंदे."

"गावकार माणसं मोजणार आहेत. तुम्ही नाही दिसलात तर तुम्हाला गावाबाहेर टाकतील."

"आठ वर्सां कोण माज्या दारात येता? भायर काय नि आत काय." ती पुन्हा बसली. "बस. पिठी केलंय कुळथाची. जेव."

दोन पाट. पिठी-भात. उघडं दार. मला गलबलून आलं. घरातून गेलेलं पोर गावाच्या तोंडावर येणार नाही, पण गाव रिकामा असताना येईल, असं आईने धरलं असेल तर तिला वेडी कसं म्हणायचं?

"दिगू येणार आहे का, काकी?"

ती उठली. मग आत गेली आणि देवाच्या फळीवरून काहीतरी घेऊन आली. तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. माडाच्या पातीचा गोफ होता तो. वाळून तपकिरी झालेला, कडा मोडलेल्या.

"गेल्या पळणीसून घरी परत इलंय, तर ह्या हय ओट्यावर पडलेला. आणि गडगो बघ, थय, परड्याकडलो." तिने बोट दाखवलं. "तो हातभर आमच्यात इललो. परत इलंय तर आपल्या मूळ जाग्यार. कोणीतरी एकेक दगड उचलून मागे नेल्यान. आणि मगे दमून हय बसल्यान."

मी गडग्याकडे पाहिलं नाही. मी त्या गोफाकडे बघत होते. चौकोनी वीण, शेवटी उलटी पडलेली गाठ. नऊ महिने असे गोफ मी आमच्या अंगणातून झाडून काढत होते. अर्ध्या तासापूर्वी एक सड्यावर पडताना पाहिला होता.

सांगून टाकावंसं वाटलं, की काकी, तो नाही आला. पण चार वर्षं देवाच्या फळीवर जपलेली वस्तू होती ती. ती खाली ठेवा असं मी, कालची पाहुणी, कोणत्या तोंडाने सांगू?

"काकी, हात जोडते. ऊन कललं. चला."

"तू जा. तुका कोणी धाडल्यान?"

मी कळशी दुसऱ्या हातात घेतली.

"कोणी धाडल्यान, विचारतंय. गावकारान? नाय. तो कोणाक धाडूचो नाय."

सासूबाईंनी नाव घेऊ नको म्हणून बजावलं होतं. पण झाडांच्या सावल्या लांबत होत्या, आणि सड्यावर एक पेंढ्याचं माणूस घोंगडीखाली तापाने कण्हत होतं. "आईंनी," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी की धूर आमच्या घरचा. मी इस्तव ठेवला म्हणाल्या. गुन्हा अंगावर घेतला."

काकीचा हात, गोफ धरलेला, तसाच राहिला.

"काय म्हणालंस?"

"पाटांगणात आडवं पडायचं कबूल केलं. पहिली ओटी गेली आमची."

"भागी? भागी आडवी पडतली?"

"हो."

तिने गोफ कनवटीला खोचला. मग आत गेली. चुलीवर पाणी ओतल्याचा फस्स आवाज आला. बाहेर आली ती पातेल्यावर पान झाकून, फडक्यात बांधून.

"चल. पिठी कित्याक टाकू?"

मी एवढ्या विनवण्या करून हलली नव्हती ती बाई, आणि सासूबाईंच्या नावाने उठली. मला काही उमगलं नाही. उमगायला वेळही नव्हता.

खाजणातली वाट म्हणजे वाट नव्हतीच. तिवरांची मुळं आणि गुडघाभर काळा चिखल. काकी पुढे, डोक्यावर पातेलं, एका हाताने लुगडं वर धरलेलं. मी मागे, पडत-उठत. घाटावर आमच्या पायाखाली माती असते, ही असली गिळणारी चीज नसते. एकदा माझा पाय रुतला तो निघेना. काकीने मागे वळून नुसता हात दिला आणि ओढलं, जसं रोप उपटावं.

सड्याच्या मागच्या अंगाने, करवंदीच्या जाळीआडून आम्ही वर आलो तेव्हा गावकारांची फेरी सुरू झालेली होती. तिसऱ्या झोपडीपाशी होते ते. मग चौथ्या. सासूबाई काकीच्या झोपडीच्या तोंडाशी बसल्या होत्या, वाट अडवून, आणि हातात गोफ होता. आम्हाला झापांच्या फटीतून शिरताना त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिल्याचं दाखवलं नाही.

काकीने पेंढा बाजूला सारला, घोंगडी अंगावर ओढली. तोंड झाकलं, खांदे झाकले. घोंगडी आखूड होती.

"सर, भागी," बाहेरून गावकारांचा आवाज आला.

"तापलेल्या माणसाक उठवतास?"

"उठवणय नाय. बघतंय."

ते वाकून आत आले. मी कळशी पोटाशी धरून कोपऱ्यात उभी. घोंगडीखालून काकीचे पाय बाहेर राहिले होते, घोट्यांपर्यंत काळेकुट्ट. माझेही तसेच. तो चिखल सड्यावर कुठेही नसतो. तो फक्त खाजणात असतो, आणि खाजण वेशीच्या आत.

गावकारांनी पायांकडे पाहिलं. मग काकीच्या तोंडाकडे.  सासूबाईंच्या बोटांतला गोफ पहिल्यांदा थांबलेला मी पाहिला.

"व्हाळात पडलंस काय गो, सत्यवती?" त्यांनी विचारलं.

काकी घोंगडीतून म्हणाली, "पडलंय."

"संभाळून चलूचा. वय झाला आता आपला." ते वळले. दाराशी थांबले, मागे न बघता म्हणाले, "पाय धू. सगळी बघतत," आणि पाचव्या झोपडीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी कौल झाला आणि गाव परतला. घरी जायच्या आधी सगळे देवळासमोरच्या पाटांगणात जमले, कारण गुन्हा आधी निस्तरायचा असतो. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. साठीला टेकलेली बाई, त्या गावात ताठ मानेने चाललेली. त्या गुडघ्यांवर बसल्या, मग हात टेकले, मग दगडी फरशीवर पालथ्या झाल्या. मी खाली बघितलं. बऱ्याच जणांनी बघितलं.

"गुन्हो सांग," गावकार नारळ हातात घेऊन म्हणाले.

"इस्तवाचो गुन्हो ल्हान," सासूबाई फरशीला तोंड लावूनच बोलल्या, त्यामुळे आवाज दगडातून आल्यासारखा आला. "मोठो सांगतंय. गडगो माज्या घोवान सरकवलेलो, हातभर. माका म्हायत होता. तुमी माका हयच उभी करून विचारलात, आणि मी म्हणालंय, होतो थयच आसा. दिगू खरो होतो. मी खोटा बोललंय."

 गावकारांनी नारळ फोडला नाही. आठ वर्षांपूर्वी त्या पोराला शिक्षा त्यांनीच सांगितली होती. ते तो नारळ हातात धरून उभेच राहिले, आणि मग स्वतः वाकून सासूबाईंना दंडाला धरून उठवलं.

गर्दीत मी काकीला शोधलं. ती तिथे नव्हती.

ती आली ते ऊन उतरल्यावर. परड्याकडून, गडगा ओलांडून. आमच्या ओट्याच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी थांबली, जणू पायरीची उंची विसरली होती. हातात पातेलं होतं. ते माझ्याकडे दिलं आणि सासूबाईंसमोर बसली. मग कनवटीतून तो वाळलेला गोफ काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "सत्यवती, गेल्या पळणीक तो इलो नाय गो. मी इललंय. दगड मागे नेवक. उघड्यावर नेवक लाज वाटली. माका वाटला, कोणाक कळाचा नाय. तू आस धरून बसतलंस, ह्या माका…"

"माका तेवाच कळलेला."

"काय?"

"तुजी गाठ डावीकडे पडता. दिगूची उजवीकडे. तूच शिकवलंस तेका, पण तो उजवो." काकीने नाकाने आवाज केला. "माज्या झिलाची गाठ माका कळाची नाय?"

मी पिठीचं पातेलं हातात घेऊन दारात उभी होते. आत जायला हवं होतं. गेले नाही.

"चार वर्सां म्हायत आसा, आणि बोलूक नाय तां?" सासूबाई म्हणाल्या.

"तू बोलूक नाय."

"मगे ह्या पळणीक सड्यावरसून कित्याक परत गेलंस? कोणासाठी पाट मांडलंस?"

"तुज्यासाठी. गाव रिकामो आसल्याबगर तुका माजो ओटो चढूक जमणा नाय, ह्या कळलेला माका. म्हटलंय, येतलंस पुन्ना. नाय इलंस. मगे चूल पेटवलंय. म्हटलंय, धूर बघून तरी येतलंस." तिने मान माझ्याकडे वळवली. "तर ह्या घाटी चेडवाक धाडलंस. थरथरत होता बिचारा."

सासूबाई हसल्या, आणि मधेच ते हसणं मोडलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. काकीने काही समजूत घातली नाही. नुसती बसून राहिली, आठ वर्षं ज्या ओट्याकडे तोंड फिरवून चालली त्या ओट्यावर.

मी आत जाऊन पिठी गरम केली. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी अंगणातली एक चुडती ओढून घेतली होती. पट्टे फाडले, विणायला घेतले. बोटं सवयीने चालली, आणि शेवटी आली ती गाठ.

"उजवीकडे घाल," काकी म्हणाली. "तो तशी घाली."

सासूबाईंनी पात उजव्या हातात घेतली. गाठ सुटली. त्यांनी पुन्हा घातली. पुन्हा सुटली. काकी बघत राहिली, आणि त्या पुन्हा घालत राहिल्या.